घाबरणाऱ्या मैत्रिणीला लिंगाण्यावर न्यावे का?

या अंकासाठी निवडलेली तिन्ही पत्रे एकाच विषयाची आहेत. पत्र लिहिणाऱ्यांना डोंगराची सवय आहे, बरोबर येणाऱ्या व्यक्तीला उंचीची भीती वाटते आणि दोघांना मार्गदर्शकाच्या सोबतीने एका दिवसाची कातळचढाई करायची आहे किंवा त्यांनी ती केली आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातील बऱ्याच गोष्टी पुढच्या दोन पत्रांनाही लागू पडतात.

प्रश्न : मी अनेक वर्षे सह्याद्रीत भटकते आहे. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड माझ्या पायांखालचे आहेत, मात्र दोर लावून केलेली चढाई फारशी नाही. जानेवारीत पुण्यातील एक संस्था लिंगाणा या सुळक्याची एक दिवसाची मोहीम नेणार आहे. माझ्या महाविद्यालयापासूनच्या मैत्रिणीलाही यायचे आहे. तिची चाल चांगली आहे, दम आहे, पण कड्याजवळ गेले की तिचे पाय थरथरतात. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून ती बसत बसत उतरली होती. तिला विचारले तर म्हणते, "तू आहेस ना, मग मी येते." तिला न्यावे का? आणि नेलेच, तर त्या दिवशी मी काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या मैत्रिणीचे ते वाक्य प्रेमाचे आहे, पण लिंगाण्यासाठी ते पुरेसे नाही, आणि नेमके तेच मला सर्वांत काळजीचे वाटते. राजगडावर तुम्ही तिच्या एक पाऊल खाली उभ्या राहू शकता, तिचा पाय धरून खोबणीत ठेवू शकता. लिंगाण्याच्या कातळटप्प्यांवर एका वेळी एकच व्यक्ती चढत असते, तुम्ही तिच्या वर तरी असता किंवा खाली तरी, आणि मधल्या अंतरात तुमच्या हातांचा तिला काहीही उपयोग नसतो. तेथे तिला सांभाळणार आहे तो दोर, तो कातळात ठोकलेल्या ज्या बोल्टला बांधला आहे तो बोल्ट आणि तो दोर हाती धरून बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याला दोराने पडण्यापासून रोखणारा, प्रशिक्षक. तेव्हा जानेवारीपूर्वीचे तुमचे खरे काम म्हणजे तिचा तुमच्यावरचा विश्वास या तीन गोष्टींवर नेऊन ठेवणे. ते जमले तर तिला जरूर न्या. जमले नाही, तर या वर्षी नेऊ नका.

विश्वास सांगून बसत नाही. मोहिमेच्या आधी निदान एक पूर्ण दिवस, शक्य असल्यास दोन, एखाद्या लहान कातळावर किंवा शहरातील कृत्रिम भिंतीवर सरावासाठी ठेवा, आणि त्या दिवसाचा मोठा भाग चढण्यापेक्षा दोरावर लटकण्यात घालवा. जमिनीपासून आठ-दहा फुटांवर तिला दोन्ही हात सोडून हार्नेसमध्ये, म्हणजे दोर बांधण्यासाठी कमरेला आणि मांड्यांना घालायच्या पट्ट्यांत, बसू द्या. मग प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मुद्दाम पाय घसरवून पाहू द्या. वरून घेतलेला दोर ताठ असेल, तर माणूस घसरल्यावर दोर ताणला जातो तेवढेच खाली येतो, हे तिच्या शरीराला कळले पाहिजे. आकडे ऐकून धीर येणारी माणसे असतात. ती तशी असेल तर तिला हेही सांगा की प्रमाणित कॅराबिनर (दोर अडकवायची, तोंड उघडणारी धातूची कडी) लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन ओढ सहन करेल अशा कसोटीवर उतरलेला असतो, म्हणजे सुमारे दोन हजार किलो वजनाएवढी. हा आकडा कॅराबिनरचे तोंड बंद असतानाचा आहे. म्हणून त्याचा स्क्रू आवळलेला आहे की नाही, हे प्रत्येक वेळी पाहायचे असते.

या तपासणीचे काम तिलाच द्या. हार्नेसचा कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडाच्या वर आहे ना, बकल नीट अडकलेले आहे ना, आठाच्या गाठीचे शेपूट पुरेसे लांब आहे ना, स्क्रू बंद आहे ना, हे तिने तुमचे तपासावे आणि तुम्ही तिचे. भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याचे काही तपासायला दिले की त्याचे लक्ष पोटातल्या गोळ्यावरून हातातल्या कामावर येते. शिवाय तपासणी खरोखरच आवश्यक असल्याने हा केवळ मन रमवण्याचा उपाय ठरत नाही.

आता लिंगाण्याविषयी, कारण प्रत्येक डोंगराची भीती निराळी असते. रायगड आणि तोरणा यांच्या दरम्यान उभा असलेला हा सुळका समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच आहे. शिवकाळात त्याचा उपयोग कैद्यांना ठेवण्यासाठी होत असे, आणि त्याची जागा पाहिली की हे का, ते सांगावे लागत नाही. तुमच्या संस्थेचा मार्ग बहुधा नेहमीचाच असेल : वेल्ह्याच्या पलीकडे मोहरी गावापर्यंत वाहन, तेथून बोराट्याच्या नाळेच्या (नाळ म्हणजे डोंगरातली अरुंद घळ) तोंडापर्यंत चाल, नाळेतून मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरण, मग नाळ सोडून कड्याच्या पोटातून आडवे जात रायलिंग पठार आणि लिंगाणा यांच्यामधली खिंड, आणि खिंडीतून सुळक्याची चढाई. चढाईत कातळटप्पे आणि घसाऱ्याच्या वाटा आलटून पालटून येतात, मध्ये गुहा आणि पाण्याचे टाके लागते, आणि माथा अरुंद आहे. उतरताना बहुतेक टप्पे रॅपलिंगने, म्हणजे दोरावरून सरकत, उतरतात. त्यानंतर, आणि हे माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेले नसते, सकाळी उतरलेली सगळी नाळ दुपारनंतर थकलेल्या पायांनी पुन्हा चढावी लागते.

या मार्गात परत फिरण्याच्या सोयीच्या जागा मोजक्याच आहेत. पहिली मोहरी गावात, दुसरी नाळेच्या तोंडाशी, तिसरी खिंडीत आणि चौथी गुहेपाशी. गुहेच्या पुढे गेल्यावर मन पालटले, तर परत येणेही दोरानेच व्हायचे, आणि तोवर मागून येणारी माणसे त्याच वाटेवर असतात. म्हणून तिचा होकार या चार ठिकाणी, चार वेळा, स्वतंत्रपणे विचारला गेला पाहिजे. घरून निघताना दिलेला होकार खिंडीत आपोआप चालू राहतो असे धरू नका. तिने खिंडीत "बस, येथपर्यंतच" म्हटले, तर ती मोहीम तेथे पूर्ण झाली असे आधीच ठरलेले असावे, म्हणजे त्या क्षणी तिला कोणाची समजूत काढावी लागणार नाही.

हे तत्त्व म्हणून सर्वांनाच पटते. ते प्रत्यक्षात उतरवायचे तर संस्थेला आधी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. ती खिंडीत थांबली तर तिच्याजवळ कोण थांबणार? एकटीला तेथे ठेवता येत नाही. वर चढणाऱ्यांच्या पायांखालून दगड सुटतात, त्यामुळे थांबणाऱ्यानेही हेल्मेट न काढता चढाईच्या रेषेपासून बाजूला, पुढे झुकलेल्या कातळाच्या आडोशाला बसायचे असते, आणि अशी जागा माहीत असलेला माणूस बरोबर लागतो. यासाठी एक प्रशिक्षक राखीव असेल, असे संस्थेने स्पष्ट सांगितले पाहिजे. दुसरी गोष्ट दोराची. मोठ्या गटांसाठी अनेकदा एकच दोर वरपासून खालपर्यंत बांधून ठेवतात आणि प्रत्येक जण त्याला अडकवून आपापला चढतो. सवयीच्या माणसाला ते चालते. मात्र या पद्धतीत पाय घसरला तर थांबणे हे आपण काय अडकवले आहे आणि कसे अडकवले आहे त्यावर अवलंबून असते, आणि प्रत्येक बोल्टपाशी एका हाताने स्वतःच कडी सोडवून बोल्टच्या पुढे दोरात पुन्हा अडकवावी लागते. घाबरलेल्या व्यक्तीकडून नेमकी तेथेच चूक होते. तुमच्या मैत्रिणीला प्रत्येक अवघड टप्प्यावर वरून स्वतंत्र बिले मिळेल का, हे विचारा. उत्तर "बघू तेव्हा" असे आले, तर दुसरी संस्था शोधा.

तुम्ही स्वतः काय करणार, हेही ठरवून ठेवा. ती थांबली तर तुम्ही तिच्याबरोबर थांबणार की माथ्यावर जाणार? दोन्ही उत्तरे योग्य आहेत. पण हे न बोलता डोंगरावर गेलात, तर तिच्या भीतीत आणखी एक भर पडते : आपल्यामुळे मैत्रिणीचा दिवस वाया जाईल. या एका विचारापायी मी माणसांना आपल्या कुवतीपलीकडे चढताना पाहिले आहे, आणि चढून गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. तिला आदल्या आठवड्यात घरी बसून सांगा, "तू थांबलीस तर प्रशिक्षक तुझ्याजवळ असतील आणि मी वर जाऊन येईन," किंवा "तू थांबलीस तर मीही थांबेन आणि मला त्याचे वाईट वाटणार नाही." जे खरे असेल तेच सांगा.

प्रत्यक्ष चढाईत तुम्हाला दिसेल की भीती आधी पायांत उतरते. टाच वर उचललेली आणि सगळा भार चवड्यावर असला, की पोटरीचे स्नायू थकून पाय आपोआप थडथडू लागतो. त्यात मनाचा भाग असतो तसा शरीराचाही असतो, आणि शरीराच्या भागावर उपाय सोपा आहे : टाच खाली आणायची, गुडघा थोडा सरळ करायचा आणि भार दुसऱ्या पायावर घ्यायचा. हातांचेही तेच. भ्यालेला माणूस खाच इतकी घट्ट आवळतो की काही मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंतचा हात भरून येतो आणि बोटे उघडेनाशी होतात. तिला दर दोन-तीन हालचालींनंतर एक हात सोडून खाली झटकायला सांगा. श्वास आत घेण्यापेक्षा सावकाश बाहेर सोडण्यावर लक्ष ठेवायला सांगा.

"खाली बघू नकोस" हा सल्ला मात्र कृपा करून देऊ नका. कातळावर पाय ठेवायची जागा खालीच असते, आणि ती पाहिली नाही तर पाय चाचपडतो, हातांवर भार येतो आणि भीती वाढते. पाहायचे ते आपल्या पायांपर्यंत. पायाखालच्या तीन फुटांतला कातळ, त्यातली खोबण, तिचा कोपरा, यावर नजर ठेवली की पलीकडची दरी नजरेच्या कडेला राहते. आपला बेसॉल्ट यासाठी अनुकूल आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तयार झालेला असल्याने त्यात आडव्या कडा आणि खाचा पुष्कळ मिळतात. त्याचा दोष असा की कडा सुट्याही असतात. हात घालण्यापूर्वी तळव्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर ती खाच सोडावी, आणि भार नेहमी खालच्या दिशेने द्यावा, बाहेरच्या दिशेने ओढू नये.

चढताना धीराने आलेली माणसे उतरताना कोसळतात, याला कारण रॅपलिंगची पहिली पायरी. पाठ दरीकडे करून, पाय कातळावर टेकवून मागे रेलणे हे शरीराच्या प्रत्येक सवयीविरुद्ध आहे. तिला पहिल्या रॅपलवर सर्वांत आधी पाठवू नका आणि सर्वांत शेवटीही ठेवू नका. आधी गेली तर खाली ओळखीचे कोणी नसते, शेवटी राहिली तर तासभर कड्यावर वाट पाहत भीती वाढत राहते. डिसेंडरच्या (दोरावरून उतरताना वेग आवरणाऱ्या साधनाच्या) दोराखेरीज वेगळा सुरक्षा दोर तिला बांधलेला असावा, म्हणजे हात सुटला तरी ती खाली जाणार नाही, आणि हे तिला दाखवून द्यावे. केस घट्ट बांधावेत, ओढणी किंवा सैल दोऱ्या असलेले कपडे नसावेत. डिसेंडरमध्ये केस अडकून माणूस मध्येच लटकून राहण्याचे प्रसंग घडतात, आणि ते टाळणे पूर्णपणे आपल्या हातात असते.

काही गोष्टी थोडक्यात. रात्रभर प्रवास करून पहाटे तीनला थेट चढाईला लागण्याचा कार्यक्रम असेल, तर तुम्ही दोघी आदल्या संध्याकाळीच मोहरीत पोहोचा आणि गावात मुक्काम करा, कारण झोप न झालेल्या माणसाला भीती दुप्पट वाटते. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, कारण जानेवारीत लिंगाण्यावर अनेक गट एकाच वेळी येतात आणि घाबरणाऱ्या व्यक्तीला दोरावर ताटकळणे चढण्यापेक्षा जड जाते. प्रत्येकी निदान चार लिटर पाणी घ्या. मन शांत करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत, कारण त्यांनी भीतीबरोबर सावधपणाही कमी होतो. तिला सपाट जमिनीवर, घरातही मान फिरवल्यावर चक्कर येत असेल, तर तो उंचीच्या भीतीचा विषय नाही. कानाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तिला दोरावर चढवू नका.

शेवटी एक सूचना, जी मला सर्वांत मोलाची वाटते. डिसेंबरमध्ये एखाद्या सकाळी तिला केवळ रायलिंग पठारावर घेऊन जा. मोहरीपासून ती साधी चाल आहे, दोराची गरज नाही. पठाराच्या टोकावरून समोर लिंगाणा आणि त्यामागे रायगड पूर्ण दिसतो. तेथे बसून, कड्यापासून सुरक्षित अंतर राखून, तिला मार्ग नजरेने चढू द्या : ही खिंड, ही गुहा, हा वरचा टप्पा. पाहून तिने नाही म्हटले, तर तो निर्णय माहिती घेऊन केलेला असेल. हो म्हटले, तर तो होकार तुमच्यासाठी नसून त्या सुळक्यासाठी असेल.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे मित्र एका गटाबरोबर दोर लावून करायच्या एका किल्ल्यावर गेलो होतो. मित्र कातळटप्प्याच्या मध्यावर थिजला. हलेना, बोलेना. वरून नेत्याने ओरडून "काही होत नाही, चल, मागे रांग लागली आहे" असे म्हणत त्याला जवळजवळ ओढून वर घेतले. मित्र माथ्यावर पोहोचला, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, पण त्यानंतर तो आमच्याबरोबर साध्या डोंगरावरही येत नाही. जबरदस्तीने भीती जाते असे काही जण म्हणतात. ते खरे आहे का? त्याला परत कसे आणावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ते खरे नाही, आणि तुमच्या मित्राचे वागणेच त्याचा पुरावा आहे. त्या दिवशी त्याला उंचीची भीती वाटली, ही गोष्ट लहान होती. आपण घाबरलो आहोत हे सांगूनही कोणी ऐकत नाही, हा अनुभव मोठा होता आणि तो टाळ्यांनी पुसला गेला नाही.

माणूस थिजतो तेव्हा काय करायचे, हे चांगल्या प्रशिक्षकाला माहीत असते. बिले देणारा प्रथम दोर ताठ घेऊन थांबवतो, आणि थिजलेल्याला एकच गोष्ट सांगितली जाते : दोरावर बस. शक्यतो एकाच माणसाने बोलायचे. खालून पाच जणांनी पाच सल्ले दिले, तर कानावर काहीच पडत नाही. तो हार्नेसमध्ये बसला, हात सुटे झाले, दोन-तीन मिनिटे गेली, की विचारायचे, खाली यायचे आहे की वर. खाली म्हटले तर खाली घ्यायचे. वर म्हटले तर पुढची एकच हालचाल सांगायची, उदाहरणार्थ उजवा पाय गुडघ्याच्या उंचीवरच्या खाचेत, त्यापुढचे काही नाही. याला दहा मिनिटे लागतात. मागे रांग असेल तर रांगेने थांबायचे असते, आणि दहा मिनिटे थांबता येणार नाही इतकी माणसे नेणाऱ्या गटाने माणसे कमी न्यावीत. या बाबतीत माझे मत ठाम आहे.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सह्याद्रीत सगळीकडे माणसाला सरळ खाली सोडता येत नाही. आडव्या चालीच्या टप्प्यावर, म्हणजे कड्याच्या पोटातून बाजूला सरकत जावे लागते तेथे, थिजलेल्याला खाली सोडले तर तो वाटेपासून दूर दरीवर लोंबकळत राहतो. म्हणून अशा टप्प्याच्या अलीकडेच थांबून प्रत्येकाला विचारणे हे नेत्याचे काम असते. मदन या किल्ल्यावर चढताना अशी आडवी, दरीवरची चाल लागते, आणि तेथे माणसाच्या भीतीचा अंदाज घेऊनच पुढे सोडावे लागते.

पुढच्या वेळी गट निवडताना नेत्याचे प्रशिक्षण विचारा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा १९५४ मध्ये स्थापन झालेली दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट यांसारख्या ठिकाणी प्राथमिक आणि प्रगत अभ्यासक्रम केलेली अनेक माणसे महाराष्ट्रात आहेत, आणि हे विचारल्यावर चांगल्या नेत्याला राग येत नाही. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार व्यावसायिक आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. तीही पाहा. पण कागदपत्रांइतकाच उपयोगी असा एक प्रश्न तुम्हाला सुचवतो : "तुमच्या गटातले कोणी मध्येच परत फिरले होते का, आणि तेव्हा तुम्ही काय केले?" जो नेता म्हणेल की आमच्याकडून कोणी परत जातच नाही, त्याच्याबरोबर जाऊ नका.

मित्राला परत आणण्याचा विचार काही काळ बाजूला ठेवा. त्याला भेटा आणि त्या दिवशी तुम्हाला काय दिसले ते सांगा : तो थिजला होता, त्याचे ऐकून घेतले गेले नाही, आणि तुम्हाला ते चुकीचे वाटले. त्या दिवसाचा अपुरा हिशेब पूर्ण करायला त्याच किल्ल्यावर जाऊया, असे म्हणू नका. जायचे झाले तर जेथे दोर, रांग आणि टाळ्या यांपैकी काहीच नाही अशा ठिकाणी जा, आणि कोठून परत फिरायचे ते त्याला ठरवू द्या. कदाचित तो येणार नाही. तरीही त्या दिवसाविषयी बोलणे झालेले बरे.

प्रश्न : मी एडिनबरोला राहतो. मुंबईचा बालमित्र मे महिन्यात येणार आहे आणि आम्हाला स्काय बेटावरच्या कूलिन पर्वतरांगेत मार्गदर्शक घेऊन एक दिवस चढायचे आहे. मार्गदर्शकाने इनॅक्सेसिबल पिनॅकल सुचवले आहे. मित्र सह्याद्रीत फिरलेला आहे, पण अरुंद धारेवर त्याला भीती वाटते. हे शिखर त्याला झेपेल का?
— एक वाचक, स्कॉटलंड

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकाने सुचवलेले शिखर स्गूर जेरग या डोंगराच्या माथ्यावर उभे असलेले कातळाचे पाते आहे. त्याची उंची ९८६ मीटर आहे. स्कॉटलंडमधील तीन हजार फुटांहून उंच अशा ज्या शिखरांना मन्रो म्हणतात, त्यांत कातळचढाई केल्याशिवाय माथा गाठता येत नाही असे हे एकमेव. १८८० मध्ये पिल्किंग्टन बंधूंनी ते प्रथम सर केले. पूर्वेकडच्या धारेने चढतात आणि पश्चिमेच्या आखूड बाजूने रॅपलिंग करून उतरतात. तांत्रिकदृष्ट्या ही धार ब्रिटिश श्रेणींत खालच्या पायरीवर आहे, आणि लिंगाणा केलेल्या माणसाचे हातपाय तेथे अडणार नाहीत. अडेल ती नजर. धार अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना उतार एकदम तुटतो. आपल्याकडे बहुतेक वेळा एका बाजूला कडा असतो आणि दुसऱ्या बाजूला टेकायला डोंगर असतो. तेथे टेकायला काही नाही. तुमच्या मित्राला नेमकी याचीच भीती वाटते, असे तुम्हीच लिहिले आहे.

तेव्हा मार्गदर्शकाशी आधी बोला आणि भीतीचा हा प्रकार नेमक्या शब्दांत सांगा. "थोडा घाबरतो" एवढ्यावरून त्याला काही कळणार नाही. "उभ्या चढावर चालतो, दोन्ही बाजूंना दरी असली की बसतो" असे सांगितले, तर तो दिवसाची आखणी बदलू शकेल. या रांगेतील ब्रूआख ना फ्रिहे हे ९५८ मीटरचे शिखर मुख्य धारेवरच्या सर्वांत सोप्या शिखरांपैकी मानले जाते. तेथे चालत जाता येते आणि सगळी रांग समोर दिसते. पहिला दिवस तेथे घालवून, मित्राला तो कातळ पायांखाली अनुभवू देऊन, मग दुसऱ्या दिवशी पिनॅकलचे ठरवावे, असे मी सुचवेन. एकच दिवस हाती असेल, तर मार्गदर्शकाने ठरवलेला दिवस असा असावा की पिनॅकलच्या पायथ्याशी पोहोचून, ते पाहून, तेथूनच परत येणे हाही पूर्ण दिवस ठरेल. स्गूर जेरगवरून दिसणारा समुद्र आणि रांगेची धार तेवढ्यासाठीही पुरेशी आहे.

कातळाविषयी मित्राला एक चांगली बातमी द्या. कूलिनचा बराचसा भाग गॅब्रो या खरखरीत खडकाचा आहे आणि त्यावर बुटाची पकड अशी बसते की सह्याद्रीतल्या माणसाला आश्चर्य वाटते. मात्र त्यात बेसॉल्टच्या भिंती घुसलेल्या आहेत, आणि आपल्या ओळखीचा हाच दगड तेथे ओला झाला की घसरडा होतो. पावसाळी दिवशी पाय गॅब्रोवर ठेवायचा, बेसॉल्ट चुकवायचा. आणखी एक गोष्ट म्हणजे या रांगेतील खडकात चुंबकीय गुण असल्याने होकायंत्र ठिकठिकाणी चुकीची दिशा दाखवते, आणि धुके तर तेथे नित्याचे. मार्गदर्शक घेण्याचे हे स्वतंत्र आणि पुरेसे कारण आहे.

एका मार्गदर्शकामागे तुम्ही दोघेच असा, तिसरा-चौथा अनोळखी जोडीदार घेऊ नका. दोनच माणसे असली की मार्गदर्शक काही फुटांचा आखूड दोर हातात ठेवून घाबरणाऱ्याला जवळ चालवू शकतो, आणि अरुंद जागी त्याला धीराच्या शब्दांपेक्षा या आखूड दोराचा आधार अधिक वाटतो. मार्गदर्शक ब्रिटिश माउंटन गाइड्स या संघटनेचा सदस्य आहे, की पर्वतारोहण आणि कातळचढाई शिकवण्याचे त्याच्याकडे ब्रिटनमधील मान्यताप्राप्त प्रशस्तिपत्र आहे, हे नोंदणीपूर्वी विचारा. मे महिन्यात दिवस मोठा असल्याने उजेडाची घाई नसते. म्हणून मित्राला थांबायला हवा तेवढा वेळ मिळेल, हे मार्गदर्शकाकडून आधीच कबूल करून घ्या, आणि वारा जोराचा असल्यास पिनॅकलचा बेत त्याच सकाळी रद्द होऊ शकतो, हे मित्राला मुंबईहून निघण्यापूर्वीच सांगून ठेवा.